मोत्याला जंगलात नेऊ का?

सुटी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. मुलांना वाघ पाहायचाय, ताडोब्याला जाऊ या, असं ठरतं आणि धाकटं कुणीतरी विचारतं, "आणि आपला मोत्या?" गाडी घरची असली की "नेऊ की त्यालाही, बसेल मागे," असं हेही म्हणून टाकतात.

तर आधीच सांगते, नेता येत नाही. ताडोबा काय, पेंच काय, किंवा बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान काय, पाळीव कुत्र्याला आत प्रवेश नाही. मग तो साखळीला बांधलेला असो की मांडीवर बसणारा पामेरियन असो. शिवाय कळसूबाई, हरिश्चंद्रगड, कर्नाळा, माहुली ही नावं आपण गड नि डोंगर म्हणून घेतो, पण तीही अभयारण्यातच येतात बरं का! अशा ठिकाणी निघण्यापूर्वी वन खात्याच्या कचेरीत विचारून घ्यावं.

एवढासा कुत्रा जंगलाचं काय बिघडवणार, असं वाटेल. पण २०१८ साली गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगात डिस्टेंपरचे विषाणू सापडले. हा मुळात कुत्र्यांमध्ये आढळणारा रोग. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ साली याच रोगाने सुमारे हजार सिंह गेले. आणि मोत्याच्या जिवाचं काय? नगरकडच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याची पाहणी झाली, तेव्हा सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने जवळजवळ ३९ टक्के! बिबट्याला आपला मोत्या म्हणजे आयतं जेवण. आणि घाबरलेला कुत्रा पळत येतो तो आपल्या माणसांकडेच.

मग घरी कोण राहणार? बहुतेक घरांत याचं उत्तर न विचारताच ठरलेलं असतं. "आई राहील. तिला नाहीतरी जंगलाची हौस नाही." कुणी ठरवलं हो हे? कुत्रा मुलांनी हट्टाने आणायचा, ह्यांनी कौतुकाने मिरवायचा आणि वाघ पाहायची वेळ आली की आपण दहीभात कालवत मागे राहायचं! तेव्हा गाडीची तिकिटं काढाल त्याच दिवशी मोत्याचीही सोय लावा. शेजारीण ठेवून घेणार असेल तर आधी एक रात्र त्याला तिच्याकडे झोपवून पाहा. त्याचं नेहमीचं खाणं, त्याची जुनी चादर आणि डॉक्टरांचा फोन नंबर लिहिलेला कागद तिच्याकडे द्या. पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्यांकडे ठेवणार असाल, तर ते लशींचं कार्ड मागतात का ते बघा. न मागणाऱ्याकडे मुळीच ठेवू नका. तो इतरांचंही मागत नसणार. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे टोचून झालेली हवी.

मोत्याला डोंगर दाखवायचाच असेल तर गावाजवळची साधी टेकडी काय वाईट? उजाडताच निघावं. कातळावर हाताची मागची बाजू टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसणार. पाणी आणि एक पसरट भांडं बरोबर असावं. बंद गाडीत मात्र त्याला पाच मिनिटंही सोडू नका. उन्हात दहा मिनिटांत आतली उष्णता दहा अंशांनी वाढते.

घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचिडी शोधा. सापडलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल-बिकेल लावू नये.