परत यावयाचा कर आणि आमचा शेतकरी

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, मग आयकर परत मिळण्याचा प्रश्न शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु धरणांत, रस्त्यांत किंवा कालव्यांत ज्यांची जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम ज्यांनीं बँकेंत मुदतीनें ठेविली, त्यांस हा प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे. शेतीचें उत्पन्न करमुक्त असलें तरी ठेवीवरील व्याज करमुक्त नाहीं. आणि बँक तें व्याज देतांनाच त्यांतून कर कापून सरकारांत भरते. जो कर देणेंच नव्हता तो असा आधीं जातो, आणि मग तो परत मागत बसावें लागतें.

उदाहरणच घेऊं. एका खातेदारानें 12 लक्ष रुपये शेंकडा 7 दरानें बँकेंत ठेविले. वर्षाचें व्याज 84,000 रुपये झालें. 1 एप्रिल 2025 पासून साठ वर्षांखालील ठेवीदाराचें व्याज वर्षाला 50,000 रुपयांवर गेलें कीं बँकेस कर कापावा लागतो. साठीच्या पुढील ठेवीदारास ही मर्यादा 1 लक्षाची आहे. शेंकडा 10 प्रमाणें 8,400 रुपये कापले गेले. पॅन क्रमांक दिलेला नसेल तर दुप्पट कापले जातात, आणि ते परत मिळण्याची वाट अधिकच बिकट होते. या गृहस्थाचें बिगरशेती उत्पन्न एवढेंच असल्यामुळें त्यास कर मुळींच लागू नाहीं. दर ठरविण्यापुरतें शेतीचें उत्पन्न मिळविण्याचा जो नियम आहे, तोही बिगरशेती उत्पन्न करमाफीच्या मर्यादेबाहेर गेल्याशिवाय लागत नाहीं. म्हणजे सारे 8,400 रुपये त्याचे त्यास परत यावयाचे. आपणांस कर लागू नाहीं अशी घोषणा, जी लोकांत 15जी व 15एच या नांवांनीं माहीत आहे, ती त्यानें वर्षारंभींच बँकेंत दिली असती तर कपातच झाली नसती.

याहून मोठी बाब वाढीव मोबदल्याची. कोर्टांत वर्षानुवर्षें झगडून मोबदला वाढवून घेतला कीं त्यावर व्याजही मिळतें. 1894 च्या भूसंपादन कायद्याखालीं तें पहिल्या वर्षीं शेंकडा 9 व पुढें शेंकडा 15 या दरानें असे. त्यामुळें वीस वर्षें चाललेल्या दाव्यांत व्याज मुद्दलाच्या जवळजवळ तिप्पट होतें. हें सर्व व्याज ज्या वर्षीं हातीं पडेल त्याच वर्षाचें उत्पन्न धरतात, मात्र त्यांतील निम्मी रक्कम कायद्यानेंच वजा मिळते. कपात होते ती सगळ्या रकमेवर. 20 लक्ष व्याज आलें तर कापले 2 लक्ष, करपात्र मात्र 10 लक्षच. (यांपैकीं कांहीं व्याज हा मोबदल्याचाच भाग होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2009 सालीं दिला होता. पुढें झालेल्या दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ कसा करावा यावर उच्च न्यायालयांत मतभेद झाले. तो वाद आम्ही येथें काढीत नाहीं.)

परत येणारा हा पैसा सरकारची बक्षिसी नव्हे. तरीही परताव्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देतें, आणि कर भरण्यास करदात्यानें उशीर केला तर त्याजकडून दरमहा एक टक्का घेतें. एकाच रुपयाचे हे दोन भाव आम्हांस न्याय्य वाटत नाहींत. विवरणपत्र मुदतींत दिलेलें असल्यास हें व्याज 1 एप्रिलपासून मोजतात, उशिरा दिल्यास दिल्या तारखेपासून. वरील 8,400 रुपये डिसेंबरांत आले तर नऊ महिन्यांचें व्याज 378 रुपये. तेवढेच पैसे त्याच शेतकऱ्यानें खत-बियाण्यासाठीं सावकाराकडून दरमहा 2 टक्क्यांनीं उचलले असतील, तर नऊ महिन्यांत त्याचें व्याज 1,512 रुपये होतें. शिवाय जुलै 2025 मध्यें भरलेलें विवरणपत्र निकालांत काढण्यास कायद्यानें दिलेला अवधि 31 डिसेंबर 2026 पर्यंतचा. पुष्कळ परतावे थोड्या आठवड्यांतच येतात हें खरें. पण ज्याचा अडतो, त्यास उशीर झाला असें कायद्याच्या भाषेंत सतरा महिने म्हणतांही येत नाहीं. मृग कांहीं सतरा महिने थांबत नाहीं.

तथापि सगळा दोष सरकारच्या माथीं मारणें रास्त नव्हे. 'परतावा आला नाहीं' या एका वाक्यांत पांचसात निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या विवरणपत्रापुढें जो शेरा असतो तो वाचल्यावांचून त्यांतली आपली कोणती हें कळत नाहीं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा चढला आहे कीं काय, हें आमचा शेतकरी डोळ्यांत तेल घालून पाहतो. तोच या शेऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं, आणि ज्यानें विवरणपत्र भरून दिलें त्याच्या दुकानीं खेटे घालतो.

विवरणपत्र सादर झालें पण पडताळणी बाकी, असा शेरा असेल तर वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. 30 दिवसांत पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडलेला, किंवा मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाचा, म्हणून ओटीपी येत नाहीं आणि काम तेथेंच अडतें. अशा वेळीं पोचपावतीची सही केलेली प्रत बंगळूरच्या मध्यवर्ती केंद्राकडे टपालानें पाठवितां येते. विवरणपत्र सदोष ठरविलें असेल तर नोटिशीच्या मुदतींत दुरुस्ती केलीच पाहिजे. प्रक्रिया चालू आहे असें लिहिलें असेल तर मात्र खरोखरच थांबावें. परतावा निघाला परंतु जमा झाला नाहीं, हा शेरा आम्हांस सर्वांत दुःखद वाटतो, कारण पैसा दारापर्यंत येऊन परत गेलेला असतो. पॅनवर नांव ज्ञानदेव आणि बँकेंत ज्ञानोबा. किंवा बँक दुसऱ्या बँकेंत विलीन होऊन शाखेचा संकेतांक बदललेला. येथें खातें दुरुस्त व प्रमाणित करून परतावा पुन्हां पाठविण्याची विनंती स्वतःच करावी लागते. जुन्या येण्यांत रक्कम वळती केली असें आढळल्यास तें येणें कोणत्या सालचें हें पाहावें; वळती करण्यापूर्वीं खात्यानें सूचना द्यावयाची असते, आणि मागणी चुकीची असेल तर तसें त्याच वेळीं कळवावें. पॅन आधारशी जोडलेला नसल्यानें 1 जुलै 2023 पासून ज्यांचा पॅन निष्क्रिय झाला, त्यांस तो पुन्हां चालू होईपर्यंत परतावाही नाहीं व त्या काळाचें व्याजही नाहीं.

सामाईक जमिनीच्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. मोबदला चौघां भावांचा, पण रक्कम थोरल्याच्या नांवें निघते आणि सारी कपात त्याच्याच पॅनवर चढते. धाकटे आपापल्या वाट्याचें व्याज दाखवितात, पण 26एएस पत्रकांत त्यांच्या नांवें कापलेला कर दिसत नाहीं, मग परतावा कसला मिळणार? कर कापणाऱ्यास थोरल्या भावानें वांटणीची लेखी घोषणा दिली, तर कपात ज्याच्या त्याच्या पॅनवर दाखवितां येते. ही घोषणा पैसे मिळण्यापूर्वींच द्यावी; मागाहून थोरल्या भावाचे पाय धरणें आणि कचेरीचे उंबरे झिजविणें दोन्हीं कठीण.

खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणारे व त्यांत हिस्सा मागणारे दलालही हल्लीं खेड्यांत शिरले आहेत. जुलै 2025 मध्यें आयकर खात्यानें अशा खोट्या मागण्यांविरुद्ध देशांत 150 ठिकाणीं तपास केला. 'आपला परतावा मंजूर झाला, येथें दाबा' असा संदेश आला तर तो दाबूं नये. परताव्यासाठीं खातें कोणाचा पिन किंवा ओटीपी विचारीत नाहीं.

आमच्या संस्थेनें सरकारकडे मागणें करावें तें असें: वाढीव मोबदल्याच्या व्याजावरील कपात करपात्र निम्म्या रकमेवरच व्हावी, आणि परताव्याचें व्याज करदात्याकडून घेतात त्याच दरानें द्यावें. मागणें व्यर्थ जातेंच असें नाहीं. नव्या आयकर कायद्याच्या फेब्रुवारी 2025 मधील मसुद्यांत, मुदतीनंतर विवरणपत्र देणाऱ्यास परतावाच मिळूं नये असें कलम होतें. तें प्रवर समितीच्या शिफारशीवरून काढून टाकण्यांत आलें. त्यामुळें 31 जुलै हुकलेल्यास 31 डिसेंबरपर्यंत मागणी करतां येते. तीही तारीख गेली असेल तर विलंबमाफीचा अर्ज करण्याची सोय पांच वर्षांपर्यंत आहे. ज्यांचा परतावा व्याजासह आला आहे, त्यांनीं त्यांतील व्याजाचा आंकडा वेगळा लिहून ठेवावा. तें व्याजही करपात्र असल्यामुळें ज्या वर्षीं मिळालें त्या वर्षाच्या विवरणपत्रांत दाखवावें लागतें.