विश्लेषण : शंभर वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या धर्मप्रचारिकेचे गूढ टीव्हीला अजूनही का खुणावते?

अमेरिकेतील ख्रिस्ती धर्मप्रचारिका एमी सेम्पल मॅकफर्सन १८ मे १९२६ रोजी समुद्रात पोहायला गेल्या आणि बेपत्ता झाल्या. या प्रकरणावर १९७६मध्ये ‘द डिसअपिअरन्स ऑफ एमी’ हा टीव्हीपट आला. ‘पेरी मेसन’ (२०२०) या मालिकेतील सिस्टर अ‍ॅलिस हे पात्रही त्यांच्यावरूनच सुचलेले. मात्र मूळ प्रश्नाचे उत्तर आजही मिळालेले नाही.

एमी कोण होत्या?

जन्म १८९० मधला, कॅनडातला. लॉस एंजेलिसमध्ये १९२३ साली त्यांनी सुमारे ५,३०० आसनांचे ‘अँजेलस टेम्पल’ उभारले. पुढच्याच वर्षी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. नाट्यमय प्रवचनांमुळे त्यांची लोकप्रियता चित्रपट कलाकारांसारखी होती.

नेमके काय घडले?

एमी बुडाल्या असे समजून शोध सुरू झाला. त्यात एक पाणबुड्या आणि एक अनुयायी यांचा जीव गेला. ३६ दिवसांनी, २३ जूनला त्या मेक्सिकोतील आग्वा प्रिएता या सीमेवरच्या गावात प्रकटल्या. आजारी मुलासाठी प्रार्थना करण्याच्या बहाण्याने आपल्याला पळवले, झोपडीत डांबले आणि तिथून निसटून आपण वाळवंट तुडवत आलो, असे त्यांनी सांगितले.

संशय का आला?

वाळवंटातून चालत येऊनही बूट फारसे झिजलेले नव्हते, हा पहिला आक्षेप. शिवाय रेडिओ केंद्राचे माजी तंत्रज्ञ केनेथ ऑर्मिस्टन त्याच काळात कार्मेल येथे एका महिलेसोबत राहिल्याचे समोर आले. ती महिला एमीच, असा सरकारी पक्षाचा दावा होता. ऑर्मिस्टन यांनी तो फेटाळला. एमी अखेरपर्यंत अपहरणाच्या जबाबावर ठाम राहिल्या.

खटल्याचे काय झाले?

बनाव रचून न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याच्या आरोपावरून एमी आणि त्यांच्या आई मिनी केनेडी यांच्याविरुद्ध सुनावणी झाली. वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. चर्चा कटापेक्षा एका महिलेच्या चारित्र्याचीच अधिक झाली. पुढे सरकारी पक्षाची प्रमुख साक्षीदार वारंवार जबाब बदलू लागली आणि जानेवारी १९२७मध्ये आरोप मागे घेण्यात आले. म्हणजे एमी दोषी ठरल्या नाहीत आणि त्यांच्या म्हणण्यावर न्यायालयाची मोहोरही उमटली नाही. खटला गुंडाळणारे जिल्हा सरकारी वकील एसा कीज पुढे दुसऱ्या एका प्रकरणात लाचखोरीबद्दल तुरुंगात गेले.

टीव्हीपटाचे वेगळेपण काय?

फे डनवे यांनी एमी, तर बेटी डेव्हिस यांनी त्यांची आई साकारली. कथेचा गाभा न्यायालयातील सुनावणी हा आहे. दोन्ही बाजू प्रेक्षकांसमोर येतात, पण निकाल दिला जात नाही. ‘सत्य घटनेवर आधारित’ मालिकांना शेवटच्या भागात गुन्हेगार दाखवावाच लागतो, अशी आजची रीत. इथे तसा शेवट दाखवायचा तर तो कल्पनेनेच रचावा लागला असता आणि पुराव्याअभावी सुटलेल्या व्यक्तीला पडद्यावर दोषी ठरवावे लागले असते. टीव्हीपटाने ते टाळले.

एमी यांचे निधन १९४४ मध्ये झाले. त्यांनी स्थापन केलेला ‘फोरस्क्वेअर’ पंथ आजही अनेक देशांत कार्यरत आहे.