पावती फाडा, पण फेकू नका

जगात पावतीइतका अपमान दुसऱ्या कुठल्या कागदाचा होत नाही. लग्नपत्रिकेला निदान हळदकुंकू तरी लागतं. पावतीच्या नशिबी केराची टोपली. 'असू द्या हो तुमच्याकडेच, मला काय करायचीय!' असं म्हणून आमच्या काउंटरवर स्लिपचा बोळा टाकून जाणाऱ्या तमाम कलंदर मंडळींना माझा जाहीर सवाल आहे : यो-यो मा हे नाव ऐकलंय?

हा जगातला थोर चेलोवादक. (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. गुडघ्यांत धरून वाजवतात, आणि पेटीसकट उचलायला हमाल बरा.) १६ ऑक्टोबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये हे गृहस्थ हॉटेलपाशी टॅक्सीतून उतरले, भाडं दिलं आणि चालू लागले. चेलो डिकीत! व्हेनिसच्या दोमेनिको मोन्तान्यानाने १७३३ साली घडवलेला, किंमत २५ लाख डॉलर. आपण छत्री विसरतो तसा विसरले.

त्याच दिवशी चेलो सापडला. लोक म्हणतात, नशीब! डोंबलाचं नशीब! त्या शहरात १२ हजारांवर पिवळ्या टॅक्स्या. पोलिसांना काय सांगणार, 'पिवळी होती' म्हणून? पण या भल्या माणसाने पावती घेतली होती आणि तीवरून टॅक्सीचा नंबर कळला. पोलिसांनी क्वीन्समधल्या गॅरेजात गाडी गाठली, डिकी उघडली, चेलो सुखरूप. संध्याकाळी त्याच चेलोवर कार्यक्रमसुद्धा झाला. टॅक्सीवाल्याचा प्रामाणिकपणा म्हणाल, तर डिकीत काय आहे याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. प्रामाणिकपणा दाखवायलाही आधी डिकी उघडावी लागते.

यावर कुणी हटकून मिन-जिन किमचं उदाहरण तोंडावर फेकेल. २०१० साली लंडनच्या युस्टन स्टेशनजवळ या बाईंचं १६९६ सालचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन चोरीला गेलं. चोरांनी ते १०० पौंडांना देऊ केलं, तर गिऱ्हाईक म्हणालं, आमच्या मुलीकडे बासरी आहे, नको! २०१३ साली व्हायोलिन सुखरूप मिळालं. पण तोवर बाईंनी विम्याचे पैसे घेऊन दुसरं व्हायोलिन घेतलं होतं. म्हणजे कागदोपत्री मालक विमेवाले. लिलाव झाला, १३ लाख ८५ हजार पौंड आले, व्हायोलिन दुसऱ्याच्या घरी गेलं.

मग, कागदानेच घात केला ना? केला. पण तो विम्याचा कागद. वस्तू गेली की हिशेब मिटवणारा. गेलेली वस्तू कुठे आहे ते सांगते ती पावती. दोघांना एकाच टाचणीत अडकवू नका. विम्याचा व्यवहार नियमात चोख बसतो, मी खतावणी लिहिणारा माणूस, मला एक चूक काढता येणार नाही. तरीपण त्या दिवशी त्या काउंटरवर मी असतो, तर फॉर्म पुढे सरकवताना मान वर करून त्या बाईंकडे बघायची माझी छाती झाली नसती.