छप्पर बदलताना हवेची वाट विसरू नका

कोकणातील माझ्या एका नातेवाइकांनी जुनी मंगलोरी कौले उतरवून घरावर रंगीत पत्रे घातले. दरवर्षीची शाकारणी सुटली, माकडांची धास्ती गेली. पण जानेवारीत एका पहाटे अंथरुणावर थेंब पडू लागले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता! 'पत्रा गळतो' म्हणून कारागिराला बोलावले. त्याने वर चढून सगळे स्क्रू तपासले. एकही सैल नव्हता.

मग पाणी आले कोठून? घरातूनच. झोपलेला माणूस श्वास व घाम यांवाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम बाष्प बाहेर टाकतो. चार माणसे आठ तास झोपली, की सव्वा लिटर पाणी हवेत मिसळले म्हणून समजा. चुलीवरच्या भाताची वाफ वेगळीच. आता, २५ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते, १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. अंगणात राहिलेली सायकल पहाटे दवाने भिजते आणि पडवीतली कोरडी राहते, ती याच कारणाने. घरातली दमट हवा अशा पत्र्याला टेकली, की न मावणाऱ्या बाष्पाचे थेंब होतात.

कौलांखाली असे का होत नसे? भाजलेली माती थोडा ओलावा शोषून घेते, हे एक कारण. मोठे कारण म्हणजे फटी. वळचणीतून वारा आत येई. ऊन झालेली हवा हलकी होऊन आढ्याकडे चढे आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाई. ही सोय कोणी मुद्दाम केलेली नव्हती. म्हणूनच ती गेल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. उलट, पत्रे घालताना उरलीसुरली वळचणही पाली-उंदरांच्या भीतीने सिमेंटने बुजवली जाते.

ही चूक केवळ आपलीच नव्हे. ब्रिटनमधील जुन्या घरांवर स्लेट दगडाच्या पातळ फरश्यांचे छप्पर असे. त्यांच्या फटींतूनही वारा खेळे. पुढे फरश्यांखाली डांबरी कापड आणि माळ्यावर उष्णतारोधक थर आला, तेव्हा वासे ओलाव्याने कुजू लागले. मग वळचणीशी सुमारे १० मिलिमीटरची सलग फट ठेवण्याची पद्धत तेथे रूढ झाली.

पत्रे घालूच नका, असे मी म्हणत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्यांची कौले उडाली, त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? परंतु छपराच्या खर्चात हवेच्या वाटेचा खर्च धरलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खाली वळचणीशी आत येण्याची वाट, वर आढ्यापाशी बाहेर पडण्याची. दोन्हींना बारीक जाळी. दोन्ही वाटांमध्ये उंचीचे अंतर जितके जास्त, तितका हवेचा ओढ जास्त. नुसत्या खिडकीने भागत नाही, कारण ऊन हवा खिडकीच्या वर अडकून बसते. पत्र्याखाली छत ठोकलेत, तरी मधली पोकळी कोंडू नका. नाहीतर छतच कुजेल.

माझ्या नातेवाइकांनी अखेर दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळ्या बसवल्या आणि वळचण मोकळी केली. थेंब थांबले. पण त्यासाठी परात पुन्हा बांधावी लागली, आणि गवंड्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली.