पान सहावरची नोटीस

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा. आणि वाचून झालं की शिव्या द्यायच्या असतील तर मलाच द्या, कारण सुरुवात माझ्याच चुकीपासून आहे.

दोन वर्षांपूर्वी स्टँडपासून मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्यावरची १७ झाडं गेली. चिंचा, कडुनिंब आणि रिक्षास्टॉपवर सावली धरणारा तो मोठा वड. सकाळी सहाला कटर सुरू झाले, दहापर्यंत रस्ता उघडाबोडका. मी साडेदहाला पोचलो. फोटो काढले, दोन-चार लोकांच्या प्रतिक्रिया घेतल्या आणि ‘वृक्षप्रेमींमध्ये संताप’ अशी बातमी दिली. संताप होताच, खोटं नव्हतं. संध्याकाळी टपरीवर एकजण म्हणाला, "साहेब, तुमच्याच पेपरात नोटीस आली होती की!"

घरी येऊन रद्दी काढली. पान सहा, खाली डावीकडं, निविदा आणि ‘नावात बदल’ यांच्या मधे. झाडांची संख्या, रस्त्याचं नाव, हरकती घ्यायला सात दिवस. आलेली हरकत : शून्य. म्हणजे जाहिरातीचे पैसे आमच्या पेपरला मिळाले, नोटीस मी वाचली नाही, आणि झाडं पडल्यावर संतापाची बातमीही मीच दिली. पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय मी. पान सहा वाचायचं तिथं कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी वाचलं नव्हतं.

हे आज का सांगतोय? कारण त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टप्प्याची नोटीस सोमवारी लागलीय. १४ झाडं. या वेळी मी वाचली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर ‘विकासाला विरोध’ म्हणून लगेच शिक्का बसेल. रस्ता हवाय. उसाच्या हंगामात तिथं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि शाळेची पोरं त्यातून सायकली घालतात. तिथं झालेल्या अपघातांच्या बातम्या मीच लिहिल्यात. प्रश्न एवढाच आहे की गटार झाडांच्या बाजूनंच का न्यायची? समोरच्या बाजूला सरकारी जागा मोकळी पडलीय. गटारीची आखणी तिकडं घेतली तर माझ्या मोजणीप्रमाणं १४ पैकी किमान ११ झाडं वाचतात. मी इंजिनिअर नाही, टेप घेऊन पोरासोबत मोजलंय. चुकलं असेल तर इंजिनिअरनी येऊन दाखवावं, आनंदच आहे.

आणि आखणी बदलतच नाही असं कुणी सांगू नका. आपल्याच जिल्ह्यातलं, मिरज तालुक्यातलं भोसे आठवा. जुलै २०२०. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सुमारे चारशे वर्षांचा वड जाणार होता. कोरोनाचे दिवस, चार माणसं एकत्र यायची चोरी. तरी गावकरी आणि जिल्ह्यातले वृक्षप्रेमी झाडाखाली जमले, ऑनलाइन सह्या झाल्या, विषय मुंबईत गेला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याकडं तो मांडला आणि महामार्गाची आखणी बदलायचं ठरलं. राष्ट्रीय महामार्गाची आखणी बदलते, मंडळी. आपली तर गटार आहे.

पण भोश्याच्या गोष्टीत एक खोच आहे, ती पेपरात फारशी आली नाही. तो वड ‘दिसणारा’ होता. मोठा, जुना, देवळाशेजारी, फोटोत भरणारा. आपल्या रस्त्यावरच्या कडुनिंबाला कोण विचारतो? त्याच्यासाठी मंत्री फोन करणार नाहीत. तिथं आपणच लागतो, आणि तेही सात दिवसांच्या आत.

कायदा आपल्या बाजूनं आहे, निदान कागदावर. महाराष्ट्राचा नागरी भागातल्या झाडांचा कायदा १९७५ सालचा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘वारसा वृक्ष’. ते तोडायचंच असेल तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, आणि लावून मोकळं व्हायचं नाही, सात वर्षं जगवायची. आता गंमत बघा. नोटिशीत १४ झाडांची संख्या आहे, जाती आहेत, बुंध्याचा घेर आहे. वयाचा रकाना कोरा. वयच नसेल तर वारसा ठरणार कसा आणि बदल्यात किती झाडं लावायची हे ठरणार कसं? यार्डासमोरची चिंच माझ्या आजोबांनी बैल बांधायला वापरली होती, असं घरी सांगतात. मला हरकत घ्यायला एवढा एक रकाना पुरेसा आहे.

दरवर्षी जुलैत होणाऱ्या वृक्षारोपणाबद्दल मी बोलणार नाही. त्याच खड्ड्यात तेच रोप लावताना गेल्या तीन वर्षांचे तीन फोटो माझ्याकडं आहेत. पाहुणे तेवढे बदललेत.

आता ओढ्याकडं येतो. इथं माझी स्वतःची पंचाईत आहे.

ओढा अरुंद झालाय हे सगळ्यांना दिसतं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आपण दुष्काळी पट्ट्यातली माणसं टीव्हीवर बघून हळहळलो. पूर हा नदीकाठचा विषय, आपला नाही. पण दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्रीच्या पावसानं बाजारपेठेत गुडघाभर पाणी आलं, ते कुठल्या नदीचं होतं? आपल्याच ओढ्याचं होतं, आणि त्याला जायला वाट नव्हती. वाट कुणी अडवली? दुकानांनी, शेडनी, भरावानं. त्यात एक गोडाऊन माझ्या सख्ख्या चुलत्यांचं आहे. मागची भिंत ओढ्याच्या हद्दीत किमान आठ फूट. हे मी आधी का लिहिलं नाही, याचं उत्तर तुम्हाला कळलंच असेल. आज लिहिलंय. काका, तुम्हीही हे वाचाल. रविवारी जेवायला येतोच आहे, तेव्हा बोलू.

‘प्रशासन झोपलंय’ हे वाक्य मी बातमीत किमान दोनशे वेळा लिहिलं असेल. प्रशासन झोपतंच. पण ओढ्यात चिकनच्या दुकानाचं पोतं टाकायला तहसीलदार येत नाहीत. सांगलीत शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं म्हणून इतकी वर्षं ओरड आहे, आपणही ओरडतो. आपल्या ओढ्याचं पाणी शेवटी जातं कुठं, तर त्याच कृष्णेत.

तळ्याचं तर अजून अवघड. मागच्या महिन्यात एका मित्रानं विचारलं, पाणथळ जागांचा कायदा आहे ना, मग आपल्या तळ्यात मुरूम कसा टाकतात? नियम आहेत, २०१७ चे. पाणथळ जागेत भराव, कचरा, अतिक्रमण करायला बंदी आहे. पण पिण्यासाठी, सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली तळी त्या नियमांतून वगळलेली आहेत. आता आपल्या दुष्काळी भागात माणसानं न बांधलेलं तळं दाखवा मला! इथलं प्रत्येक तळं कुणीतरी घाम गाळून बांधलंय. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळं तयार झालं, आणि २०२० मध्ये तेच महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. पक्ष्यांना काय, पाणी कुणी अडवलं हे ते विचारत नाहीत. पण आपल्या तळ्याला असं नाव नाही. त्याची राखण आपल्यालाच करावी लागणार.

खेड्यातल्या मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, माहीत आहे का? २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत ती असायलाच हवी, आणि गावातल्या झाडापेरांची, माशांची, बियाण्यांची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तिनं लोकांना विचारून करायची. वर्षानुवर्षं कुणी हललं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख भरायला लावू म्हणून बजावलं. मग काय, समित्याच समित्या! मी एका गावची नोंदवही माहिती अधिकारात मागवली. बाइंडिंग सुरेख. आत तिसऱ्या पानावर दुसऱ्याच गावाचं नाव पुसायचं राहिलेलं, आणि माशांच्या यादीत चक्क पापलेट! माणदेशाच्या उंबऱ्यावर पापलेट. त्याच गावातल्या भोईवाड्यातल्या एका म्हाताऱ्या नानांना मी विचारलं, तर त्यांनी बसल्या जागी मरळ, वांब असं करत अकरा नावं सांगितली, त्यातले कुठले आता दिसत नाहीत तेही सांगितलं. समितीनं त्यांना विचारलं का? "कसली समिती?" म्हणाले. त्यांच्या सुनेचं नाव समितीत सदस्य म्हणून होतं. तिलाही माहीत नव्हतं.

आपल्या लोकांना जमत नाही म्हणून हे असं होतं, असं मात्र मी मानणार नाही. येरळेकाठचं बलवडी काय लांब आहे? ऐंशीच्या दशकात दुष्काळानं पिचलेल्या खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर आणि साथी त्यात होते. ठेकेदार येरळेची वाळू ट्रक भरभरून नेत होते आणि काठावरच्या विहिरी कोरड्या पडत होत्या. लोकांनी वाळूउपसा अडवला आणि सरकारला सांगितलं, नदीची वाळू आमची, थोडी आम्ही विकतो आणि त्या पैशात आमचं धरण आम्ही बांधतो. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी श्रमदान केलं, बाहेरून विद्यार्थी आले, के. आर. दाते यांच्यासारख्या तज्ज्ञ अभियंत्यानं साथ दिली. बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. त्याहून मोठी गोष्ट पाण्याच्या वाटपाची. जमीन असो-नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क, आणि उसासारख्या पाणीखाऊ पिकाला आवर. हे ठरवायला किती बैठका झाल्या असतील, किती भांडणं झाली असतील, कल्पना करा. चौकात फ्लेक्स लावून हे होत नाही.

आपल्याला धरण बांधायचं नाही. सोमवारच्या आत एक अर्ज द्यायचाय.

त्यात तीन मागण्या आहेत. गटार समोरच्या बाजूनं न्यावी. १४ झाडांची वयं ठरवून नोटीस पुन्हा काढावी. पहिल्या टप्प्यात १७ झाडं पाडली, त्यांच्या बदल्यात कुठं किती लावली आणि त्यातली किती जिवंत आहेत, याची यादी द्यावी. तिसरी मागणी अडचणीची आहे, मला माहीत आहे, म्हणूनच घातलीय. ओढ्याच्या हद्दीच्या मोजणीचा अर्ज वेगळा आहे. त्यावर पहिली सही माझी आहे, आणि कुणाकुणाच्या भिंती हद्दीत येतात त्या यादीत आमच्या घराचंही नाव घातलंय.

दोन्ही अर्जांच्या प्रती स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवल्यात. पैसे देऊ नका, दिलेत. हरकत प्रत्येकानं आपल्या नावानं वेगळी द्यायची, एकाच अर्जावर शंभर सह्या करून हरकत एकच धरली जाण्याची भीती आहे. आवक शिक्का मारलेली पोच घ्यायला विसरू नका, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं म्हणाले तरी आवक-जावक टेबल कुठं जात नाही.

मी शुक्रवारी सकाळी साडेदहाला नगरपरिषदेत जातोय. यार्डासमोरच्या चिंचेखाली दहाला भेटू. ज्यांच्या घरी त्या झाडांचे जुने फोटो असतील, लग्नाच्या वरातीचे, बैलपोळ्याचे, कसलेही, ते घेऊन या. वयाचा पुरावा म्हणून जोडता येतील.