विहिरीतली गारगोटी

विहिरीचे काम काढले म्हणजे मुरूम संपतो, मग मांजऱ्या लागतो आणि एखाद्या पोकळीत चकाकणारे खडे हाती येतात. कामशेतच्या आसपासच्या शेतकरी बंधू-भगिनींना हे नवे नाही. थोडे खडे मुले खेळायला नेतात, बाकीचे बांधावर पडतात. पुढे कोणी फिरता व्यापारी येतो आणि पाटीभर खडे चहापाण्याच्या पैशात उचलून नेतो. खते-बियाण्यांच्या या सदरात आज दगडांचा विषय घेतला तो यासाठीच.

आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. झिरपत्या पाण्यातली सिलिका त्यांत साचली व गारगोटी झाली. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेचे काम चालले असता निघालेले स्फटिक परदेशी संग्रहालयांत जाऊन बसले. आपल्याला पाहायचे असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय आहे.

गारगोटी वाढत असताना कधी दुसरे खनिज तिच्या पोटात अडकते. हिरवी झाक सेलॅडोनाइटची, तांबडी लोहाची, केसासारखे पांढरे तंतू बहुधा मॉर्डेनाइटचे. पुष्कळ जण याला डाग समजतात. पण साधी गारगोटी जगात मुबलक आहे. पोटात नक्षी असलेलीला हौशी गिऱ्हाईक मिळते. उत्तर प्रदेशात बांद्याकडे केन नदीत सापडणाऱ्या शजर अकिकाचे मोल त्याच्या आतल्या झाडाफांद्यांवरच ठरते.

खडा निवडताना तो पाण्यात भिजवून उन्हाकडे धरावा. ओला झाला की खरबरीत पृष्ठातूनही आतले दिसते. नक्षी ठळक हवी आणि खोलवर हवी. तिथून निघालेली भेग बाहेरपर्यंत आली असेल, तर घासताना खडा फुटण्याचा संभव असतो. आत पाण्याचा थेंब हलताना दिसला, तर तो खडा चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, तडकतो.

गारगोटीने काचेच्या बाटलीवर ओरखडा उठतो. चाकूने खडाच खरवडला गेला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर बुडबुडे आले, तर ते कॅल्साइट. मऊ निघाला म्हणून फेकू मात्र नका, झिओलाइटचे चांगले गुच्छही विकले जातात. जत्रेत विकत घेताना उलटी नजर ठेवावी : रंग फक्त भेगांत साचलेला दिसला तर तो चढवलेला, आणि आत वाटोळे बुडबुडे असले तर बहुधा काच.

गुच्छ हातोड्याने सुटा करण्याचा मोह आवरावा. खालच्या खडकासकट काढून गवतात बांधून ठेवावा, आणि भाव पाटीचा न करता एकेका नगाचा करावा. खड्यांसाठी मुद्दाम खोदायचे असेल तर खनिजाचे नियम आड येतात. आधी तहसील कचेरीत विचारून घ्यावे. आणि सुरुंग उडाला की खडे वेचायला पोरे लगेच विहिरीत उतरतात, ते आधी थांबवा. धूर पुरता निघून जाऊ द्या, न उडालेला सुरुंग राहिला नाही ना, हे सुरुंगवाल्याकडून पाहून घ्या, मगच शिडी लावा.