अर्धी उघडणारी खिडकी

गेल्या दिवाळीत धाकटा भाऊ पुण्याहून आला आणि चहाची बशी खाली ठेवायच्या आत त्याने फर्मान काढले, "दादा, या खिडक्या आता काढून टाक. सगळीकडे ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवू. मेंटेनन्स फ्री!"

घर वडिलांनी १९६४ साली बांधलेले, म्हणजे माझ्याहून वयाने मोठे. खिडक्या बारा, सगळ्या सागवानी, लाकूड दांडेलीकडचे. त्यांपैकी तीन झडपांची खालची पट्टी कुजली होती, हे खरे. पण तीन पट्ट्या कुजल्या म्हणून बारा खिडक्या मोडीत काढायच्या, हा हिशेब आठवीतल्या पोराने मांडला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते. आपण मोठी माणसे मात्र तो खुशाल मांडतो, वर त्यासाठी दीड लाखाचे कोटेशनही मागवतो.

वाचकहो, मी ॲल्युमिनियमचा वैरी नाही. बेळगावच्या माणसाने तसे असणे कृतघ्नपणाचेच ठरेल. १९७० च्या सुमारास यमनापूरला ॲल्युमिनियमचा कारखाना आला आणि त्यावर इथल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. माझा राग धातूवर नाही, 'मेंटेनन्स फ्री' या दोन शब्दांवर आहे. देखभाल लागत नाही याचा व्यवहारातला अर्थ, बिघडले की दुरुस्त होत नाही, एवढाच असतो. स्लायडिंगची चाके झिजली की त्याच मापाची चाके मिळत नाहीत, कारण तो सेक्शन कारखान्याने बंद केलेला असतो. यूपीव्हीसीच्या चौकटीचे कोपरे उष्णतेने वितळवून जोडलेले. तो सांधा तडकला की सबंध पाखाच बदलावा लागतो. लाकडाचा कुजलेला तुकडा कापून तिथे दुसरा बसवता येतो. ही सोय साठ वर्षांपूर्वीच्या खिडकीत आहे आणि कालच्या खिडकीत नाही, याला प्रगती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

आता मुख्य तक्रार. दोन रुळांच्या स्लायडिंग खिडकीचा एक भाग दुसऱ्यामागे सरकतो. म्हणजे भोक पूर्ण, पैसे पूर्ण आणि वारा अर्धा. आमच्या जुन्या खिडकीला चार झडपा: दोन वर, दोन खाली. दुपारी खालच्या लावून वरच्या उघडल्या की रस्त्यावरच्याला आतले माणूस दिसत नाही आणि वरून गरम हवा निघून जाते. भर उन्हात फळ्यांच्या झडपा पूर्ण लावल्या की ऊन बाहेरच राहते. काचेला हे कसे जमावे? ऊन मुख्यतः काचेतूनच आत येते. त्यात ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णतावाहक, त्यामुळे पश्चिमेकडची चौकट एप्रिलमध्ये हाताला चटका देते. मग पडदा हवा, मग पंखा, मग एसी. अडीच हजार फूट उंचीवरच्या या गावात, जिथे माझ्या लहानपणी पंखासुद्धा चैनीत मोडत असे!

आणि पाऊस? आमच्याकडे जूनपासून पश्चिमेचा वारा पाऊस आडवा मारतो. स्लायडिंगच्या खालच्या रुळात पाणी साचते. ते बाहेर जायला बारीक भोके ठेवलेली असतात, ती धुळीने बुजतात आणि पाणी भिंतीवरून घरात उतरते. ती भोके दर मे महिन्यात साफ करावीत, असे बसवणारा सांगत नाही. सांगणार कसा? तीही देखभालच की!

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१८ साली आमच्या शाळेच्या चार वर्गांच्या लाकडी खिडक्या काढून तिथे स्लायडिंग बसवल्या. ठरावावर मुख्याध्यापक म्हणून सही माझी. साठ मुलांच्या वर्गात वारा निम्मा झाला आणि आषाढात खिडकीलगतचा बाक रिकामा ठेवावा लागतो. एकदा एका मुलीची वही भिजली. ती काही बोलली नाही, तिने वही उन्हात वाळत घातली. जुन्या चौकटी आम्ही भंगाराच्या भावाने दिल्या. वर्षभराने गोव्यात एका हॉटेलच्या भिंतीवर तसल्याच झडपा शोभेला टांगलेल्या पाहिल्या. त्या आमच्याच होत्या असे म्हणवत नाही, पण त्या जेवणात माझे लक्ष लागले नाही.

गोव्याचे नाव निघालेच आहे तर तेही सांगतो. तिथल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. प्रकाश आत येई, झळ कमी लागे, आणि माल जवळच्या समुद्रातला. आज खाऱ्या वाऱ्यात तिथे लोखंड टिकत नाही, म्हणून कोणी यूपीव्हीसी निवडले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. हमरस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये आवाज अडवायलाही रबराची पट्टी असलेली, बाहेर उघडणारी यूपीव्हीसी खिडकी उत्तम. तिथल्या हवेने आणि गरजेने ती निवडलेली असते. आमच्या गल्लीत मात्र समोरच्याने बसवली म्हणून बसवतात.

सागाचे जंगल कुठे उरले आहे, असा प्रश्न भावाने केला. प्रश्न रास्त आहे. पण जो साग साठ वर्षांपूर्वीच तोडला गेला, तो भंगारात घालून कुठले जंगल वाचते? उलट एक किलो नवे ॲल्युमिनियम तयार करायला १४ ते १५ युनिट वीज खर्ची पडते. ज्याला नवीच खिडकी करायची आहे त्याने जुन्या घराचे उतरलेले लाकूड घ्यावे, नाहीतर फणस किंवा मत्ती बघावी.

शेवटी खानापूरहून आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पटाशीने टोचून पाहिले आणि म्हणाले, "सर, असला साग आता मिळंना झालाय ओ. वरचं सगळं ठणठणीत हाय. पाणी कुठनं येतंय ते बघा आधी." पाणी येत होते आम्हीच १९९८ साली हौसेने बसवलेल्या कडप्प्यावरून. त्याचा उतार आतल्या बाजूला! दोष दगडाचा, शिक्षा लाकडाला. कडप्पा उतार काढून पुन्हा बसवला, तीन पट्ट्या बदलल्या, अळशीचे तेल दिले, बिजागऱ्यांत थेंबभर तेल सोडले. सगळे मिळून ९,००० रुपये. पावसात झडपा थोड्या फुगतात, ढकलाव्या लागतात. लागू देत.

मिस्त्रींचा मुलगा हुबळीला मोबाइलच्या दुकानात आहे. हत्यारांची पेटी पुढे कोण उघडणार, हे मी विचारले नाही.

शाळेच्या उरलेल्या सहा वर्गांच्या खिडक्यांचा प्रस्ताव पुन्हा आला आहे. कोटेशने तीन, तिन्ही स्लायडिंगची. व्यवस्थापनाची बैठक तुळशीच्या लग्नानंतर आहे. मी चौथा कागद जोडला आहे, मिस्त्रींच्या हातचा, वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला.